रोटाच्या पिठाचे वॉन्टन

जळगाव, मेहरूण
शनिवार, २८ जून २०२५

कामिनी,

डबा नेहमीच्या सकाळच्या धुळ्याच्या बसने पाठवलाय. कंडक्टर ओळखीचा आहे, अभिमनभाऊंनी फक्त वेळेवर स्टँडवर उभं राहावं. वरच्या कप्प्यात मोनालीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आहेत, मधल्यात भरीत आणि खाली ठेचा. ज्वारीचे बिबडे तळून वेगळ्या पिशवीत बांधलेत. भरीत तुम्हा तिघांना पुरेल, पण आधी मोनालीला वाढ.

एरवी डब्यात माझी चिठ्ठी असते ती 'डबा परत पाठवणे' एवढीच. आज मोठी लिहितेय. फोन मी करणार नाही. फोनवर तू 'अक्का, अक्का' करत गोड बोलतेस आणि माझ्या मनातलं सगळं घशातच राहतं. कागदावर मला नीट भांडता येतं. तसंही दिवाळीपासून आपण दोघी जावा हो-नाहीपुरतंच बोलतोय. दिवाळीला माझ्याच ओट्याशी उभी राहून माझी पोर म्हणाली होती, काकूच्या पोळ्या जास्त मऊ असतात, आणि तू हसली होतीस. तू विसरली असशील, मी नाही.

आता मुद्द्याचं. बुधवारी मोनालीचा फोन आला. म्हणाली, मम्मी, आज आमच्याकडे वॉन्टन सूप झालं, आणि विकतची पाकिटं नाहीत हां, मैदा मळून, पाऱ्या लाटून, सारण भरून सगळं घरी. वॉन्टन म्हणजे काय असं मी विचारलं, तर मला म्हणते, मोदकाचा चिनी चुलतभाऊ समज, निवळ पाण्यात पोहणारा. मग दहा मिनिटं त्या सुपाचंच कौतुक. पारी इतकी पातळ की आतलं गाजर बाहेरून दिसतं. तोंडात टाकलं की चावावंही लागत नाही. माझ्या डब्याबद्दल विचारलं तर म्हणाली, हो, मिळाला.

'आमच्याकडे' म्हणाली ती. फार्मसीची दोन वर्षं तुझ्या घरी काढली, तेवढ्यात धुळं आमच्याकडे झालं आणि जळगाव तिकडे. मी तेव्हा हॉस्टेल म्हणत होते. पण सख्खा भाऊ धुळ्यात असताना पोर हॉस्टेलवर कशी ठेवायची, असं यांचं, तुझ्या हितेंद्रभाऊंचं, म्हणणं पडलं आणि माझं कोणी ऐकलं नाही. परीक्षा संपून सुट्टी लागली तरी ती घरी आलेली नाही. कारण विचारलं तर म्हणते, थोडं काम आहे. सुट्टीत कसलं काम? कॉलेज थेट ऑगस्टच्या मध्यावर सुरू होणार आहे.

कामिनी, मला तुझा हेवा वाटतो. हे तोंडावर बोलले नसते, म्हणून लिहितेय. माझ्या पोरीला तू खाऊ घालतेस आणि ती तुझं नाव काढते, हे मला सहन होत नाही. तुला मूल नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, पण माझी एकच आहे आणि ती मला घरी हवी आहे. सुट्टी संपायच्या आत हवी आहे.

त्या सुपाची कृती पाठव. तिला ते इथे मिळालं म्हणजे तिथे अडकायचं कारण उरणार नाही.

चारुलता


जळगाव
शनिवार, ५ जुलै २०२५

कामिनी,

रिकाम्या डब्यातून तुझी कृती मिळाली. चार ओळी! 'अक्का, मैदा घट्ट मळा, पाणी बेताने घाला. पारी पातळ हवी. सारण कमी भरा. सुपात तेल घालू नका.' अक्षर तर असं वाकडंतिकडं, जसं रिक्षात बसून लिहिलंय. शाळेत पोरांची अक्षरं सुधारणारी बाई तू, मोठ्या जावेला लिहायला तुला चार मिनिटं नीट बसवलं नाही.

अभिमनभाऊंचा फोन यांना आला होता. भरीत फार छान होतं म्हणाले, मी एकट्यानेच संपवलं. एकट्याने? म्हणजे तुम्ही दोघींनी हात लावला नाही. मी वांगी कडब्यावर भाजून, हिरव्या मिरच्या कुटून, पहाटे उठून ते भरीत केलं आणि तुमच्या घरात आता फक्त निवळ पाणी चालतं. ठीक आहे. या खेपेला डब्यात तिखट काही नाही. दशम्या आहेत, त्या तरी खा.

मी सूप करून बघितलं. कसं झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण सांगते.

पारी पातळ हवी असं तू लिहिलंस. पातळ म्हणजे काय हे मला तू शिकवणार? लग्नात मांडे करायला चार गावांहून मला बोलावणं येतं. मनगटावर मांडा फिरवायला लागले की पोरंटोरं जेवण सोडून बघायला येतात. लाटणं घेऊन पातळ तर कोणीही करेल. मी मैदा मांड्यासारखाच सैल भिजवला, तासभर तिंबला आणि हातावर फिरवला. इतका पातळ झाला की पलीकडचं कॅलेंडर वाचता आलं असतं. उपड्या परातीवर पसरून चौकोन कापले, कोबी-गाजर भरलं, जमेल तशी घडी घातली आणि उकळत्या पाण्यात सोडले.

एकही वर आला नाही. सारण वेगळं, पीठ वेगळं, सगळ्याची खीर झाली. शिवाय ते पाणी मला आधीपासूनच फार उघडंबोडकं वाटत होतं, म्हणून मी चमचाभर काळा मसाला घातला होता. हे जेवायला बसले, दोन घास खाऊन म्हणाले की कढी आज वेगळी झालीय, पण वाईट नाही. पातेलं घासताना मला रडू आलं, आणि ते कढीसाठी नव्हतं.

मोनालीला परत विचारलं, कधी येतेस. पुढच्या आठवड्यात बघते म्हणाली. मागे तू काहीतरी बोलत होतीस, आवाज ऐकू आला. ती फोन ठेवायच्या आधी तुझ्याकडे वळून 'आले, आले' म्हणाली. मला तिने 'आले' कधी म्हणायचं?

चारुलता


जळगाव
शनिवार, १२ जुलै २०२५

कामिनी,

जमलं!

तुझ्या कृतीने नाही जमलं, माझ्या डोक्याने जमलं. मी विचार केला की पाण्यात न विरघळणारं, पातळ आणि तरी चिवट असं आपण काय करतो? पापड करतो. मग पापडासारखाच मैदा घट्ट भिजवला, त्यात चिमूटभर पापडखार घातला, झाकून ठेवला, पापडाच्या लाटण्याने लाटला. रंग थोडा पिवळट आला, पण पारी अशी झाली की ओढली तरी फाटेना. पाण्यात सोडले आणि एकेक जण फुगून वर आला. मी ओट्यापाशी एकटीच हसत उभी होते.

आल्याच्या बारीक काड्या, कोबीची पानं, दोन मिरी आणि मीठ. चातुर्मास लागलाय म्हणून कांदा-लसूण नाही. काळ्या मसाल्याचा डबा मी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवून दिला होता. यांनी तिसरी वाटी मागितली. शेजारच्या प्रमिलाबाई वाटी घेऊन गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या की अजून आहे का. पापडखाराचं मी कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय, कारण तुला कळलं पाहिजे की तुझ्या घरात जे होतं त्याहून चांगलं माझ्या घरात होतं.

मग मोनालीला फोन लावला. सूप तयार आहे, ये, असं म्हटलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "अरे वा, तू केलंस? छान. पण आत्ता नाही गं येता येणार."

मी फोन ठेवला. सूप तसंच राहिलं होतं, ते संध्याकाळी मीच संपवलं.

आता मला सरळ उत्तर हवं आहे. तू तिला काय खाऊ घातलंयस? मी वीस वर्षं तिच्या ताटात काय कमी केलं? सकाळी तिच्याआधी उठले, ती झोपल्यावर झोपले, तिच्या हाताला कधी पाणी लागू दिलं नाही. आणि तू येऊन दोन वर्षांत एका वाटी सुपावर तिला घेऊन जातेस. अभिमनभाऊ साधे आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग तुझ्यावर आहे. तुझ्या मऊ पोळ्यांवर आहे, तुझ्या हळू बोलण्यावर आहे, ती तुझ्याकडे बघून हसते त्यावर आहे.

श्रावणात आपल्याकडे कानबाई बसेल, त्या सणाला तिला घेऊन या. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ती इथे राहील. हे मी विचारत नाहीये.

चारुलता


जळगाव
मंगळवार, २२ जुलै २०२५

कामिनी,

शनिवारच्या डब्यापर्यंत थांबवत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय.

काल मोनालीने मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं. व्हिडिओत फक्त ओटा आणि दोन हात. पारीवर सारण ठेवायचं, त्रिकोण करायचा, दोन टोकं ओढून जोडायची. मी तुझे हात बघायला बसले होते. म्हटलं, बघू तरी ही बाई कशी घडी घालते. हातात बांगड्या नव्हत्या. तू बांगड्यांशिवाय ओट्याशी उभी राहत नाहीस. मग डावी करंगळी दिसली, पेरापाशी वाकडी. पहिलीत असताना मोनालीची करंगळी कपाटाच्या दारात सापडली होती. ती करंगळी मी वर्षभर तेल लावून चोळली आहे, ती मी कुठेही ओळखेन.

तेव्हा मला कळलं की सूप तू करतच नाहीस. माझी पोर करते. मोनालीने कधी सांगितलंच नव्हतं की काकूने केलं. मीच तसं धरून चालले होते, कारण माझ्या घरात तिने कधी लाटणं हातात धरलेलं मी पाहिलेलं नाही.

यांना विचारलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, कामिनीला कावीळ झालीय ना, महिना होऊन गेला. अभिमन बोलला होता. तुला सांगायचं राहिलं." आपल्या घरातल्या पुरुषांना बातमी सांगितली की ती तिथेच संपते.

मग मोनालीला फोन केला आणि सगळं काढून घेतलं. तुला तेलाचा वाससुद्धा सहन होत नव्हता, पेजेचा घोटही पोटात ठरत नव्हता, अंथरुणातून उठवत नव्हतं. तिच्या वर्गातल्या ममताने हे सूप शिकवलं आणि ते पहिल्यांदा तुझ्या पोटात राहिलं. त्या दिवसापासून ती रोज मळते, लाटते, भरते. सुट्टीतलं काम ते हे. मला कळवू नकोस असं तूच तिला सांगितलं होतंस. का, तर अक्का धावत येतील, ओटा ताब्यात घेतील आणि मला माझ्याच घरात पाहुणी करून टाकतील. तिने हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

इतके दिवस मला वाटत होतं की तू माझ्या पोरीला खाऊ घालतेस. आता कळलं की माझी पोर तुला खाऊ घालते. यातलं जास्त वाईट कोणतं हे मला काल रात्रभर ठरवता येत नव्हतं. आता ठरलंय. हे जास्त वाईट आहे.

कोणीही कोणालाही चार घास वाढतं, त्यात काय एवढं. पण ती तुझ्यासाठी आलं किती घालायचं याचा विचार करते. मीठ चाखून बघते. सूप गरम आहे म्हणून फुंकर घालत असेल. गेल्या वर्षी चिकुनगुन्या होऊन माझे गुडघे धरले होते, तेव्हा ती धुळ्याहून फोन करून म्हणाली होती, बरी आहेस ना, काळजी घे. तिने यावं असं मला वाटलं होतं. मी भिंत धरून भाकरी थापल्या. मग तुझ्यासाठी तिचे हात कसे काय चालायला लागले?

कावीळ झाली हे ऐकून वाईट वाटलं. हे वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं, ते इतकं खाली आलं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला का? रस्त्यावरचा उसाचा रस पिऊ नकोस, कोणी कितीही सांगो. पाणी उकळून पी. भरीत आणि ठेचा पाठवण्यापासून मला तेव्हाच कोणी थांबवायला हवं होतं.

मी धावत येणार नाही. तुला नको आहे ना, मग येणार नाही.

चारुलता


जळगाव
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

कामिनी,

कानबाईचं आज विसर्जन करून आले. काल मोनाली आणि अभिमनभाऊ सकाळीच पोचले. तुझी आई तुझ्याजवळ राहायला आली आहे म्हणून मोनाली निर्धास्त होती. निर्धास्त असूनही आल्या आल्या तिने तुला फोन केला, मग जेवताना केला, मग आरतीच्या आधी केला. मी मोजत नव्हते, पण लक्षात राहतं.

दोघा भावांच्या नावाने गहू मोजले, दळले. प्रसादाचे रोट तुपात चांगले फुगले. गंगाफळाची भाजी, खीर, सगळं वेळेत झालं. गाण्यांना मात्र रंग आला नाही. भाऊबंदातल्या बायका सारख्या म्हणत होत्या, कामिनी नाही तर गाणं उचलणार कोण. आठवण त्यांनी काढली, मी नाही.

आज दुपारी निघताना अभिमनभाऊ चपला घालता घालता थांबले. तुझं-माझं काय बिनसलंय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं, पण त्यांना कळत असावं. म्हणाले, "वहिनी, ती सांगत नही, पन तिले तुमनी याद येस." मी म्हटलं, गाडी चुकेल. तुझ्या वाट्याचे रोट तळून देणार होते, तर म्हणाले की तुपाचं तिला अजून चालत नाही. म्हणून तुझ्या वाट्याचं पीठ इथेच राहिलं.

मोनालीला मी ठेवून घेतलंय. कसं, ते सांगते, तूही हस. ते निघायच्या वेळेला मी अंथरुणावर जाऊन पडले. अंग मोडून आलंय, कणकण वाटतेय म्हटलं. तीन दिवसांच्या कामाने अंग दुखत होतं हे खरं आहे, ताप मात्र नव्हता. मोनालीने माझ्याकडे बघितलं, मग काकांना म्हणाली की तुम्ही पुढे व्हा, मी थांबते.

आत्ता खोलीत पडूनच लिहितेय. मघाशी तिने येऊन विचारलं, काय खाशील. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, ते काकूसाठी करतेस ते कर. हे बोलायला मला किती जड गेलं, तुला कळणार नाही. ती म्हणाली की घरात मैदा चालणार नाही ना, रोटाचं पीठ संपेपर्यंत दुसरं काही करायचं नाही असं तूच म्हणतेस. मी म्हटलं, मग त्याच पिठाचं कर.

स्वयंपाकघरातून पीठ चाळल्याचा आवाज येतोय. ती पिठाच्या चाळणीने चाळतेय, कपड्यातून गाळायला हवं. सांगायला उठावं असं फार वाटतंय. आता थांबलं. फडकं शोधतेय बहुतेक. फडकी खालच्या खणात आहेत.

मी उठणार नाही.

चारुलता


जळगाव
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

कामिनी,

सोमवारची चिठ्ठी पाठवलीच नाही, या चिठ्ठीबरोबर ठेवतेय. दोन्ही आजच्या बसने कंडक्टरकडे देते.

तिला फडकं सापडलं. पीठ वस्त्रगाळ करून तिने पाऱ्या लाटल्या. सारणाला आदल्या दिवशीची गंगाफळाची भाजी परतून कोरडी केली आणि वरून आलं किसून घातलं. पाऱ्या थोड्या जाड झाल्या होत्या. मीठ कमी होतं, तुझ्यासाठी करायची सवय लागलेली. भोपळा गोडसर आणि आलं तिखट, हे मला कधी सुचलं नसतं. मी काहीही शिकवलं नाही, फक्त खाल्लं. दोनदा मागून घेतलं.

तिसरी वाटी देताना ती उशाशी बसली आणि म्हणाली, "मम्मी, तुला ताप नाहीये. मी मघाशी कपाळाला हात लावून बघितलं."

मला पळायला जागा नव्हती. मी विचारलं, "मग केलंस कशाला?"

"तू पहिल्यांदाच झोपून राहिलीस म्हणून. मी ओट्याजवळ आले की तू म्हणतेस, हो बाजूला, अभ्यास कर. गेल्या वर्षी तुला बरं नव्हतं तेव्हा मी निघणार होते. तू म्हणालीस, येऊ नकोस, मी केलाय स्वयंपाक."

मी खरंच तसं म्हटलं होतं. माझी अपेक्षा होती की तिने तरीही यावं. एवढं कोणाला कळणार? तुला एक बरं आहे, तुला काही लागलं की तू सांगतेस. मला ते कधी जमलं नाही, आणि जमतं त्या बाईचा राग येतो.

हे सगळं चाललं असताना प्रमिलाबाई दारात आल्या. मागच्या वेळच्या सुपाची चव जिभेवर होतीच. म्हणाल्या, "काय शिजी राहिनं व चारू, वास भारी ई राहिना." मी उठून दारापर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटी न देता सांगितलं की रोटाच्या पिठाचं आहे. त्यांच्या लगेच लक्षात आलं. बाहेरच्याला द्यायचं नाही, पौर्णिमेच्या आत घरातल्या घरात संपवायचं, त्यांच्याकडेही तसंच आहे. त्या रागावल्या नाहीत. आत मोनाली वाटी घेऊन बसली होती, तिच्याकडे बघून हसत म्हणाल्या, "खाय माय, खाई ले. लगीन व्हवालोंग तुले चालस. मंग तू बी मन्हासारखी दारमाच उभी राहशी."

त्या सहज बोलून गेल्या. मोनालीही हसली. मी मात्र दाराची कडी धरून उभी राहिले.

कामिनी, मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझं लग्न झालं आणि पाचोऱ्याला माझ्या माहेरचा रोट मला बंद झाला. तुझा तुला बंद झाला. लेक दुसऱ्या घरची झाली की तिला आपल्या घरचा रोट चालत नाही, हे आपण दर वर्षी दहा जणींना सांगतो. पण मोनालीच्या बाबतीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पंचविसाव्या वर्षी म्हण, सव्विसाव्या वर्षी म्हण, ती जाणार. या घरच्या पिठाचा घास तिला चालणार नाही. तेव्हा या घरात गहू मोजले जातील, दळले जातील, आणि त्या पिठाला बायका म्हणून हक्काच्या उरतील दोघीच. एक मी. दुसरी तू.

महिनाभर मी जिच्यावरून तुझ्याशी भांडतेय ती आपल्या दोघींचीही राहणार नाहीये. माझ्या वाट्याला कायमची आलीस ती तू. हे मला मुळीच आवडलेलं नाही. मला वाटलं होतं की म्हातारपणी शेजारी मोनाली असेल. पण असेल ते हे आहे. पौर्णिमेच्या आत पीठ संपवायला माझ्याबरोबर तूच बसणार आहेस, दर वर्षी, दोघींपैकी एक जाईपर्यंत. म्हणून तू बरी झाली पाहिजेस. लवकर आणि पुरती बरी झाली पाहिजेस. मला ते एकटीने संपवायचं नाही.

आमच्या वाट्याचं काल संपलं. तुझ्या वाट्याचं पीठ मी कपड्यातून दोनदा गाळून ठेवलंय. शनिवारी पौर्णिमा आहे, त्याच्या आत ते पोटात गेलं पाहिजे आणि ते तुझ्याशिवाय संपवता येणार नाही. तेव्हा उद्या शुक्रवारी सकाळच्या बसने मी आणि मोनाली निघतोय. तू येऊ नकोस म्हणशील म्हणून उत्तराची वाट बघत नाही. अभिमनभाऊंना स्टँडवर पाठव.

ओट्याला मी हात लावणार नाही. डबे हलवणार नाही. फडकी कुठे ठेवलीस हे विचारणार नाही. मोनाली करेल, आणि मी तुझ्याजवळ पलंगावर बसेन. आपण दोघी पडून खाऊ. तुझी आई असेल तर त्यांच्यासाठी वेगळी खिचडी टाकायला सांग, त्यांना आपला रोट चालणार नाही.

पाऱ्यांमध्ये पापडखार घालायला मी मोनालीला सांगितलेलं नाही. ते तुला सांगितलंय, तूच तिला सांग. माझ्याकडून ऐकलं तर ती म्हणेल की मम्मी परत शिकवायला लागली.

पहिली वाटी ती तुला देईल. मला माहीत आहे, तशी तयारी करूनच येतेय. मला वाईट वाटेल आणि ते माझ्या तोंडावर दिसेल. तू बघितलंस तरी काही बोलू नकोस, गरम आहे तोवर खा.

तुझी,
अक्का